इंधनपंपाच्या कार्डावरच्या दोन ओळी

मी एक जुने, कडा मऊ पडलेले कार्ड आहे. मित्रांनो, आपली गोष्ट मान वर करून सांगावी अशी माझी फार इच्छा होती, पण ते काही जमायचे नाही.

अम्मानजवळच्या विमानदुरुस्तीच्या कोठारात एक इंधनपंप आला, त्याच दिवशी माझ्यावर त्याचा नंबर चढला. पंप डब्यात, मी टेबलाच्या खणात. नुसत्या पडून राहिलेल्या पंपालाही देखभाल लागते. दर सहा महिन्यांनी डबा उघडायचा, आतले तेल बदलायचे, दांडा हाताने फिरवून पाहायचा आणि मग माझ्यावर एक ओळ लिहून सही करायची.

हे काम कोठारप्रमुख अबू गालिब करायचे. माणूस मोठा काटेकोर. हात पुसल्याशिवाय मला कधी शिवले नाहीत. तपासणीला येणारे साहेब मला हातात धरून म्हणत, कार्ड असावे तर असे. मी फुशारून जाई. आता ते आठवले तरी कसेसेच होते.

मग कोठाराची मांडणी बदलली. खालच्या फळ्यांवर विमानांची चाके आली आणि पंप अगदी वरच्या फळीवर जाऊन बसला. अबू गालिबांचे गुडघे तोवर कामातून गेले होते. शिडी झेपेना, आणि दुसऱ्या कुणाला चढ म्हणावे तर म्हातारा थकला हे सगळ्यांना कळणार. मार्चमध्ये त्यांनी मरामियाच्या सुवासिक पाल्याचा चहा घेत घेत, जागचे न उठता मला पुढे ओढले आणि लिहिले : उघडला, तेल बदलले, फिरवून पाहिला. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. अक्षर नेहमीसारखेच सुरेख होते. मला मात्र खणातल्या अंधारातही तोंड लपवावेसे वाटे.

डिसेंबरात अकाबाला जाणारे विमान पंपावाचून अडले. अभियंता इन्शिराह आली, तिने डबा उतरवून घेतला आणि माझ्या ओळींवरून बोट फिरवले.

"तुमची सही आहे म्हणजे प्रश्नच मिटला. दुसऱ्या कुणाची असती तर उघडून बघितला असता. तसाच बसवते, माणसं खोळंबलीत."

अबू गालिब चष्मा पुसत बसले. मला वाचा असती तर ओरडले असते. पण खोटे तर माझ्याच तोंडी होते. ती दारापर्यंत पोचली तेव्हा कुठे ते बोलले.

"पोरी, थांब. शेवटच्या दोन ओळी खोट्या आहेत. वर्षभर मी शिडी चढलोच नाही."

"काय सांगताय, अबू गालिब?"

"गुडघ्यांची लाज वाटली गं. आता ह्याची वाटते."

डबा तिथेच उघडला. तेल आटून चिकट झाले होते, दांडा गंजून जागीच बसला होता. विमान त्या दिवशी उडाले नाही. इन्शिराहने पेन त्यांच्यापुढे ठेवले. आमच्याकडे चूक पुसायची नसते, कार्डही बदलायचे नसते. खालचे वाचता येईल अशी एकच सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. त्यांनी दोन रेघा मारल्या. दुसरी वाकडी गेली.

आता मी फाइलीत असते. नवी माणसे रुजू झाली की त्यांना आधी मला वाचायला देतात, आणि दर वेळी मी नव्याने शरमते. मित्रांनो, काम झाले नसेल तर माझ्यासारख्या कार्डावर जागा कोरी सोडा. कोरी जागा दिसली असती तर इन्शिराहने डबा उघडला असता. माझ्यावर विश्वास ठेवून ती तो तसाच घेऊन निघाली होती.