एकोणिसावा दिवा

राजपुऱ्याच्या गणपतीपुढे त्या वर्षी अणूचा देखावा लागला, आणि तो एका बाईनं लावला, हे निम्म्या गावाच्या डोळ्यांत खुपत होतं. साल छप्पन. राजधानी म्हणून नागपूर सुटून आता भोपाळ येणार, यावरून जो तो ओट्यावर बसून हुज्जत घालत होता. मंडळाला वाटलं, एवढं सगळं बदलतंय तर देखावाही नवा करू. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुलभाताईंनी तो शब्द लगेच उचलून धरला.

मोठ्या फळीवर एकाबाहेर एक अशी चार कडी आणि त्यांवर छोटे दिवे. एक दिवा म्हणजे एक इलेक्ट्रॉन. ताई बटणं दाबत आणि त्यांच्या मॅट्रिकच्या मुली मूलद्रव्याचं नाव पुकारत. पहिल्या संध्याकाळी अठरापर्यंत सगळं झकास चाललं. मग तिसऱ्या कड्यात दहा जागा काळ्याच राहिल्या आणि एकोणिसावा दिवा लागला तो थेट चौथ्यात. मांडवभर हशा पिकला. वायर चुकली म्हणे. एकानंही का म्हणून विचारलं नाही, हसायला मात्र सगळे पुढे. त्या गोंधळात पुढचे दिवे लावायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर ताईंनी बटण दाबलं, तर एकोणिसावा दिवा गुमान तिसऱ्या कड्यात लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचं डोकंच फिरलं. मंडळाचे अध्यक्ष गजाननशेठ, केळीचे व्यापारी, खुशीत पुढे आले.

"ताई, सीधी गोष्ट आहे. आत जागा खाली पडून आहे अन् तुमचा तो बाहेर जाऊन बसते. लोक हसून राहिले मंडळावर. म्हणून सुकलालकडून ठीक करून घेतलं दुपारी."

सुकलाल वायरमन खाली मान घालून उभा होता.

"ठीक नाही, बिघडवून घेतलंत," ताई म्हणाल्या. "भाऊ, इलेक्ट्रॉन जवळची जागा बघत नाही. कमी शक्तीत निभेल ती बघतो. एकोणिसाव्याच्या वेळेला ती बाहेरच असते."

"असंन. पण लोकायले पटलं पाहिजे ना. आहे तसं राहू द्या, नाही तर उद्या हे उचलतो अन् कृष्णलीला बसवतो."

समोर कोकिळा आणि मंगला ताईंकडे बघत उभ्या होत्या. महिनाभर शाळा सुटल्यावर थांबून त्यांनीच हे दिवे जोडले होते, आणि मार्चमध्ये त्या परीक्षेला बसणार होत्या. आज त्यांच्यादेखत खोटा दिवा लावला, तर उद्या वर्गात खडू कुठल्या तोंडानं धरायचा? ताईंनी पदर खोचला.

"सुकलालभाऊ, मेन बंद करा. पेचकस द्या."

सुकलालनं शेठकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि पेचकस दिला. भर मांडवात, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेत, ताईंनी वायरी सोडवून पुन्हा जागच्या जागी आवळल्या.

"उद्या हे इथं राहणार नाही," शेठ म्हणाले.

"नसू दे. आज आहे तोवर खरंच लागेल."

एकोणिसावा दिवा बाहेर लागला. लोक हसले. "पोटॅशियम," मंगला पुटपुटली.

"मोठ्यानं," ताई म्हणाल्या.

मंगलानं मोठ्यानं म्हटलं. विसावाही बाहेरच लागला. कॅल्शियम. आता शिट्ट्याही आल्या. ताईंचे कान तापले होते, पण हात बटणावरून हलला नाही. त्यांनी एकविसावं बटण दाबलं.

तिसऱ्या कड्यातली एक काळी जागा उजळली.

"स्कँडियम," कोकिळा म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं, कारण हसणं थांबलं होतं.

गजाननशेठ फळीजवळ आले. कपाळाला आठ्या घालून बाहेरच्या दोन दिव्यांकडे बघितलं, मग आतल्या एकाकडे.

"आतापर्यंत बाहेर जात होते," ते म्हणाले. "मग हा आत काहून आला?"

ताईंनी पेचकस सुकलालच्या हातात परत दिला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "उद्या. इथंच."