मैनेची हनुवटी

१९८६ साली, मघा कोरड्या गेल्यावर, चांगुणानं पहिल्या बाहुलीच्या हनुवटीवर हिरव्या दोऱ्याचे तीन ठिपके घातले. मधला जरा डावीकडं सरकला.

बेंबळीच्या महिला शिवण सोसायटीत बारा बायका कामाला बसत. सोलापूरचे दलाल कल्याणप्पा यांनी नमुन्याला आणलेली मैना बाहुली पुण्यात वीस वर्षं खपत होती. आता टीव्हीसाठी तिच्यावर सिनेमा निघत होता आणि तो लागायच्या आधी तीनशे मैना दुकानांत हव्या होत्या. त्या पसंत पडल्या तर वर्षभर काम मिळणार होतं. मग चांगुणाला नवऱ्यामागं ऊसतोडीला जावं लागलं नसतं आणि आठ वर्षांच्या पुतळाची शाळा सुटली नसती.

"नमुन्यात ठिपके कुठं हायेत?" सोसायटीच्या अध्यक्ष सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नसू द्या. हनुवटी उघडी दिसती. आमची पुतळा बघा की, तीन ठिपके कसे शोभत्यात. बिनगोंदणाची पोर घराबाहेर धाडायची का?"

बायका हसल्या. पंधरा दिवसांत तीनशे हनुवट्या गोंदल्या गेल्या.

कल्याणप्पांनी एक बाहुली उचलून उजेडात धरली.

"हे डाग कसले?"

"गोंदण हाय, आप्पा. तुमच्या मंडळींना न्हाय का?"

"हाय की. पण तिला दुकानात मांडायची न्हवती." ते खाली बघत म्हणाले, "उसवा. नमुन्यासारखं म्हंजे नमुन्यासारखं."

पुण्याच्या कंपनीच्या मालकांना दाखवायला म्हणून हातातली बाहुली त्यांनी तशीच पिशवीत टाकली.

उसवायला चार दिवस गेले. दोरा निघाला, सुईची भोकं राहिली. चांगुणा थुंकीनं अंगठा ओला करून एकेक हनुवटी चोळत होती. भोकं बुजली नाहीत. माल तसाच गेला.

नवरात्रात सिनेमा लागला. ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं सगळा गाव बसला होता. सिनेमातल्या मुलीनं बाहुली गालाशी धरली, तेव्हा पडदाभर बाहुलीचा चेहरा आला. हनुवटीवर तीन ठिपके. मधला डावीकडं सरकलेला.

"आये, ही तुझी हाय," पुतळा म्हणाली.

सत्यभामाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "आता काम कुठं जातंय."

चार दिवसांनी कल्याणप्पा आले ते दोन पोती घेऊन. पोत्यांत उसवलेल्या दोनशे नव्याण्णव मैना होत्या.

"सिनेमावाल्यांनी मालकाच्या टेबलावर ती बाहुली बघितली आन् तीच घेतली," ते म्हणाले. "आता गिऱ्हाईक ठिपक्यांचीच मागतंय."

"मग घालते की परत. चार दिवस द्या."

त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकची बाहुली काढली. "शूटिंग झालं तवाच साचा केला मालकानं. मशिनीवर निघत्यात. दिवसाला हजार."

चांगुणानं तिच्या हनुवटीवरून बोट फिरवलं.

"मधला बी तसाच ठेवलाय," ती म्हणाली.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक आला. चांगुणाचा नवरा पिराजी पुढं बसला. मागं भांड्यांच्या गठुड्यावर पुतळा.

सोसायटीला पुढच्या वर्षी कुलूप लागलं. परत आलेल्या बाहुल्यांचा कापूस बायकांनी उशांत भरला. सत्यभामाबाई अशाच एका उशीवर गेल्या. कल्याणप्पांनी दलाली सोडली आणि ते मुलाकडं हैदराबादला राहिले. उसाच्या मोळ्या वाहून वाहून पिराजीची कंबर गेली. कोयता धरून धरून चांगुणाच्या बोटांत सुई ठरेना.

पुतळा लग्न होऊन पुण्याला गेली आणि एका मोठ्या दुकानात कामाला लागली. एका दिवाळीला ती माहेरी आली, तेव्हा तिच्या हनुवटीवर गोंदण नव्हतं.

"मशिनीनं काढून घेतलं," ती म्हणाली. "दुकानात बरं दिसत न्हाय म्हनले."

ठिपक्यांच्या जागी तीन फिकट खड्डे राहिले होते. चांगुणानं अंगठा थुंकीनं ओला केला आणि लेकीची हनुवटी चोळायला लागली.