बातमीत नसलेला वाघ

बुनलुएच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. धक्क्यावरचे कोळी, बर्फखान्यातले हमाल, मासळी सुकवणाऱ्या बायका, सगळे हात जोडून बसले होते. मधोमध बुनलुए डोळे पांढरे करून घुमत होता. त्याच्या अंगात चमनियन आली होती. बंदरावर सुकी माकुलं विकणारी ही बाई, परवा बर्फखान्यामागे तिचं प्रेत सापडलं होतं.

"थंडी वाजते गं बायांनो," बुनलुए बारीक आवाज काढून म्हणाला. "लाल सरबत द्या. सिगारेट द्या."

जिवंतपणी चमनियनला धुराने ठसका लागायचा. मेल्यावर तिने एकामागून एक तीन सिगारेटी ओढल्या, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिच्या धाकट्या बहिणीने रडत विचारलं, की ताई, तुला मारलं कुणी? बुनलुए बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, "तोंड नाही दिसलं. दंड दिसला. दंडावर गोंदलेला वाघ होता. नदीपलीकडच्या देशातला माणूस."

अंगणभर सुस्कारा उठला. कोपऱ्यात बातमीदार विचानची लेखणी भराभर चालू लागली. बायका एकमेकींना सांगू लागल्या, की बघा, सकाळी पेपरात जे आलं तेच आत्मा बोलतो. बुनलुएला तर अक्षर वाचता येत नाही, आता आणखी कुठला पुरावा हवा?

मागच्या रांगेत थियानकाका चपापले. वाघ पेपरात नव्हताच. वाघ त्यांचा होता.

थियानकाका वयाच्या चाळिशीनंतर विहारातल्या प्रौढवर्गात वाचायला शिकले. तेव्हापासून रोज सकाळी रानोंग शहराच्या बसने पेपर आला, की कॉफीच्या दुकानात तो मोठ्याने वाचायचा मान त्यांचा. तशी बऱ्याच जणांना अक्षरओळख होती. पण काकांच्या तोंडून ऐकण्यात गोडी होती, कारण काका बातमीला फोडणी द्यायचे. वादळ आलं की लाटा माडाएवढ्या व्हायच्या. चोर पकडला की त्याचे डोळे लाल असायचे. आज सकाळी खुनाची बातमी वाचताना लोक कप खाली ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, तेव्हा काकांना राहवलं नाही. नदीपलीकडून आलेल्या बर्मी मजुरांचा उल्लेख आला आणि खुन्याच्या दंडावर गोंदलेला वाघ जिभेवरून निसटला. मागच्या बाकावर बुनलुए डोळे मिटून बसला होता. तो रोजच तिथे बसायचा.

"चॉ सोच्या दंडावर वाघ आहे," अंगणात कुणीतरी म्हणालं. चॉ सो हा बर्मी मजूर बर्फाच्या लाद्या ओढायचा. गेल्या वर्षी काकांची होडी उलटली तेव्हा पाण्यात उडी टाकणारा तोच होता.

लोक उठले. काकाही उठले. आता बोलावं तर साऱ्या बंदरासमोर नाक कापलं जाणार. एवढी माणसं आहेत, कुणीतरी आवरेलच, असं मनाला सांगत ते लोकांबरोबर चालू लागले. तरणी पोरं पुढे पळाली.

कॉफीच्या दुकानापाशी रस्ता अरुंद होतो. तिथे शाळेच्या सेंगदाओबाई आडव्या उभ्या होत्या.

"कुठे निघाली वरात?"

लोकांनी सांगितलं, पेपरात आलंय, आत्म्यानेही सांगितलंय, खुनी वाघवाला आहे. बाईंनी दुकानातला पेपर उचलला. म्हणाल्या, "पेपरात कुठे आहे वाघ? मला दाखवा."

पेपर या हातातून त्या हातात गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, की काकांनी वाचला की सकाळी.

"मग काका, पुन्हा वाचा. अक्षरावर बोट ठेवून वाचा."

काकांनी बोट ठेवलं. मथळा होता, 'नराधमाचे थैमान'. खाली होतं, 'बर्फखान्यामागे महिलेचा मृतदेह आढळला. मृत्यूचे कारण समजलेले नाही. पोलीस तपास करत आहेत. जवळच बर्मी मजुरांची वस्ती आहे.' बस्स.

"कारण समजलेलं नाही, तर मग नराधम कुठून आला?" बाईंनी विचारलं. "आणि जवळ मजुरांची वस्ती आहे म्हणे. जवळ पोलीस चौकी आहे, विहार आहे, माझी शाळा आहे. त्यांचं नाव का नाही लिहिलं?"

बाई काकांकडे वळल्या.

"आणि वाघ?"

"वाघ मी घातला," काका म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी काय, काय म्हणून विचारलं, आणि त्यांना तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. "तुम्ही सगळे कान देऊन ऐकत होतात. मला बरं वाटलं. मी घातला. बुनलुए माझ्या मागेच बसला होता."

सगळ्यांच्या माना बुनलुएकडे वळल्या. तो आता स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आत्मापण दुकानात आला असेल ऐकायला. मला काय माहीत?"

एक म्हातारी हसली. बाकी कुणाला हसू आलं नाही, कारण वस्तीकडून पुढे गेलेली पोरं परत येत होती. एकाच्या हातात बर्फ ओढायचा आकडा होता.

चॉ सो वाचला, पण उजवा हात मोडला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर आलं: 'मृत महिलेच्या आत्म्याने खुनी ओळखला!' त्यात वाघ होता. कॉफीच्या दुकानात काय घडलं ते नव्हतं. पुढे पोलिसांनी जागेच्या भांडणावरून खून केल्याबद्दल चमनियनच्या मेहुण्याला पकडलं. ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. त्या ओळींत तो कुठल्या देशाचा आहे हे लिहायची कुणाला गरज वाटली नाही.

थियानकाका चॉ सोच्या खोलीवर गेले. त्याची बायको त्याला पेज भरवत होती. ती उठून आत गेली, बसा म्हणाली नाही. काका उंबऱ्यातच उभे राहिले. जे घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

चॉ सोने ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्ही दुकानात सांगितलंत, काका. पण पेपर तर पार जिल्ह्यात जातो. तिथे 'मी तो नव्हे' म्हणत मी कुठे कुठे हा हात दाखवत फिरू?"

 काका खाली मान घालून परतले. त्या दिवसापासून ते बातमी कोरडी वाचतात. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारतात, की हे कुणी पाहिलं? लोक कंटाळतात, काही उठूनही जातात.

जाऊ देत. पण घरी जाताना एवढं ध्यानात ठेवा. बुनलुएच्या अंगात कुणी आलं नव्हतं. काकांची थाप त्याच्या तोंडून निघाली, विचानच्या कागदावर उतरली, आणि छापून आली म्हणून खरी ठरली. एकच खोटं तीन तोंडांनी बोललं, म्हणून त्याचे तीन साक्षीदार होत नाहीत. बातमी ऐकून रक्त तापलं, की आधी विचारा: पाहिलं कुणी, कळलं किती, आणि ज्याच्याकडे बोट दाखवलंय त्याला कुणी काही विचारलं का? विचारायला लाज वाटत असेल, तर चॉ सोच्या उंबऱ्यात जाऊन उभे राहा. तिथली लाज याहून मोठी आहे.