छत्रीखालचे महाराज

आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि उंबर गळत होता! मिरजगावच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या त्या उंबराखाली आठवडाभर गर्दी होती आणि गुरुवारी सकाळपासून तर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी ओंजळ धरलेली, कुणी तांब्या, तर कुणी चक्क जीभ बाहेर काढून वर बघत उभं. बारीक थेंब पडत होते आणि चाखावेत तर गोड. पारावर भगव्या रेशमात निर्गुणानंद महाराज बसले होते आणि एका चेल्याने त्यांच्यावर भलीमोठी जरीची छत्री धरली होती.

"दत्ताचा उंबर पाझरतोय, लेकरांनो!" महाराज गर्जले. "बारा वर्षं हिमालयात एका पायावर उभा राहिलो, तेव्हा हे अमृत गवसलं!"

हिमालयात उभं राहून कर्जत तालुक्यात अमृत कसं गवसतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"साखरेच्या आजारावर रामबाण! काट्यानं काटा निघतो, गोडानं गोड मरतं! गोळ्या फेका, इंजेक्शनं फेका!"

आणि लोक खरोखरच फेकत होते. पारापाशी ठेवलेली टोपली औषधांनी निम्मी भरली होती.

सुरय्या शेख मॅडम हायस्कुलात नववीला विज्ञान आणि पर्यावरण शिकवत. शाळेत जाताना त्यांनी स्कूटी थांबवून ती टोपली पाहिली आणि त्यांना शिसारी आली. गर्दीत स्वतःच्या शाळेचे हेडसर ब्लडप्रेशरसाठी बाटली भरून घेताना दिसले, तेव्हा तर किळसच आली. अडाण्याला निदान सबब असते. बी.एस्सी. झालेल्या माणसाला काय म्हणावं?

वर्गात स्नेहल रडत बसली होती.

"मॅडम, आमची आजी आठवडा झाला इन्सुलिन घेत न्हाई. पायाचं बोट काळं पडलंय. दवाखान्यात चल म्हनलं तर म्हनती, अमृत हाय की."

ही आजी म्हणजे साळूबाई. काळं बोट म्हणजे काय, हे मॅडमना चांगलं ठाऊक होतं. त्या तडक हेडसरांकडे गेल्या.

"मॅडम, तुम्ही यात पडू नका," हेडसर म्हणाले. "देवाचं काम आहे. त्यात तुम्ही शेख... म्हणजे, समजून घ्या ना."

मॅडमना नको तितकं समजलं. मस्तकात तिडीक गेली, पण आवाज त्यांनी खाली ठेवला. "मी पर्यावरणाचा प्रकल्प घेतेय, सर. दरवर्षी पोरं गाइडमधून झाड उतरवतात. यंदा जिवंत झाड बघतील."

तिसऱ्या तासाला नववीचा वर्ग उंबराखाली उभा होता. "काय दिसतंय ते सांगा. ऐकलेलं नको, दिसलेलं," मॅडम म्हणाल्या.

"मुंग्यांच्या रांगा," फरदीन म्हणाला. "आणि खालची पानं काजळी धरल्यासारखी काळी झालीत."

"मॅडम," स्नेहल हळूच म्हणाली, "अमृत पडतंय, तर महाराज छत्रीत का बसलेत?"

"शाब्बास! आजचं सगळ्यात मोठं निरीक्षण."

समोर पोरं आणि गर्दीतले शूटिंग करणारे मोबाईल बघून महाराज खूष झाले. स्नेहलने हात जोडून विचारलं, "महाराज, एका फांदीला साबणाच्या पाण्यानं आंघोळ घालू का? आणि दोन फांद्यांना पिशव्या बांधू?"

"घाल बाळा! बांध! उद्या दोन्ही पिशव्यांत अमृत दिसेल, हे माझं वचन!"

स्नेहलने एका फांदीचा शेंडा चोळून चोळून धुतला, दुसरा तसाच ठेवला. मग दोन्हींवर, पानांची वाफ आत साठू नये म्हणून बारीक भोकं पाडलेल्या, काचेसारख्या पारदर्शक पिशव्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव हजर. स्नेहलचे वडील आबासाहेब सीताफळाची बाग करणारे. त्यांनी साळूबाईला मोटारसायकलवर आणलं होतं, अमृत प्यायलाच. पिशव्या सोडल्या. न धुतलेल्या फांदीच्या पिशवीत चिकट थेंबच थेंब. धुतलेल्या फांदीची कोरडी ठणठणीत.

"त्या फांदीवर देव रुसला!" महाराज ओरडले.

"साबणानं देव जातो व्हय?" स्नेहलने विचारलं.

मॅडमनी न धुतलेल्या फांदीची एक डहाळी मोडली आणि उलटी करून आबासाहेबांपुढे धरली. "दादा, हे कापसासारखं पांढरं काय आहे?"

"पिठ्या ढेकूण की!" आबासाहेब सवयीने बोलून गेले. "झाडाचा रस पितो आन् मागनं चिकटा सोडतो. माझ्या सीताफळावर दिसला की मी लगेच..." त्यांनी मान वर करून उंबराकडे पाहिलं.

"मागनं म्हणजे कुठून, दादा?"

पोरं फिदीफिदी हसली. साळूबाईच्या हातातली वाटी खाली आली. "म्हंजी आमी आठवडाभर ढेकनाचं गू-मूत पितोय?"

"हो, आजी. किडा रस पितो आणि जास्तीची साखर बाहेर टाकतो. त्या गोडाला मुंग्या येतात, त्यावरच ती काळी बुरशी वाढते. देव कुठं रुसला नाही. किडे धुतले, गळती थांबली."

"धर्म बुडवायला आलीय ही बाई!" महाराज किंचाळले. "नाव विचारा हिचं नाव!" गर्दीतली दोन-तीन तरणी पोरं बाह्या सरसावून पुढे झाली. मॅडमनी शेजारच्या बाईच्या हातातला अमृताचा तांब्या घेतला आणि महाराजांपुढे धरला.

"नाव सुरय्या. आता तुम्ही हा तांब्या प्या, सगळ्यांदेखत."

"आज... आज मला उपवास आहे."

"मिटव रं ती छत्री!" साळूबाई लंगडत पुढे आली आणि तिने चेल्याच्या हातून छत्री ओढली. वरून टपटप थेंब पडले. एक महाराजांच्या ओठावर पडला. महाराजांचं तोंड कारल्यासारखं वाकडं झालं आणि रेशमाच्या बाहीने त्यांनी ओठ खसाखसा पुसले. थू थू केलं. सगळ्या गावाने पाहिलं.

त्यानंतर काही सिद्ध करायचं उरलं नाही. माणूस जाणून होता आणि जाणून लोकांच्या तोंडात घाण घालत होता. बाह्या सरसावलेली पोरं मागे फिरून थुंकायला लागली. हेडसरांनी बाटली हळूच गटारात ओतली. पोलीस येईपर्यंत लोकांनी महाराजांना त्याच पारावर बसवून ठेवलं, बिनछत्रीचं.

आबासाहेब मान खाली घालून उभे होते. मॅडम त्यांना आणि सगळ्यांनाच म्हणाल्या, "बागेत पान उलटं करून बघता ना? मग पारापाशी आलात की डोळे का मिटता? देवाला हात जोडा, माझी ना नाही. पण कुणी औषध टाकायला सांगितलं, तर आधी पान उलटं करा."

साळूबाईचं बोट नगरच्या दवाखान्यात कापावं लागलं. पाय वाचला. घरी आल्यावर एक शेजारीण कुठल्याशा बाबाची अंगाऱ्याची पुडी घेऊन आली, पाण्यातून घे म्हणाली. साळूबाईने पुडी सोडली, पाण्यात कालवली आणि पेला तिच्यापुढेच धरला.

"आधी तू पी."