लवूच्या दोन पेट्या

"लवून म्हणे बोटीवरसून दोन लोखंडी पेटये हाडल्यान, आणि एका पेटयेत विमला..." इतकं बोलून रुक्मिणी गप्प झाली, कारण तेवढ्यात मी कळशी घेऊन विहिरीवर पोचले.

मला वाईट वाटलं. आमच्या वाडीतली कुठलीही गोष्ट माझ्यापाशी आल्याशिवाय पुरी होत नसे, आणि आज माझ्यासमोरच ती तोडली होती.

"फुडे बोल गो. मी काय परकी?"

"फुडचा तूच बघून ये, राधाबाय," आनंदीबाई दोर ओढता ओढता हसली. "गडगो तुझोच लागता तेच्या घराक. आणि भोकपण तूच पाडलंस तेका."

गडग्याला, आमच्या दोन अंगणांमधल्या चिऱ्यांच्या कुंपणाला, भोक मी पाडलं नव्हतं, दोन चिरे आपसूक सरकले होते, पण ते असो. लवू आणि मी शेजारी. तो बोटीवर इंजिनखात्यात, वर्षावर्षाने दीड महिन्याच्या रजेवर यायचा. आईबाप आधीच गेलेले. बायको विमला एकटी घर सांभाळायची, आणि चार वर्षांपूर्वी, चौसष्टच्या भादव्यात, तीही गेली. लवू तेव्हा कुठल्याशा समुद्रात होता. तार पोचली तेव्हा तिचं तेरावं उलटून गेलं होतं. त्यानंतर तो यायचा, घर झाडायचा, रजा संपायच्या आत परत जायचा. पण ह्या वैशाखात तो आला तो हातात कातडी पिशवी आणि पाठीवर लाखेसारखं लाल गिटार घेऊन, आणि त्याच्या घरातून दिवसभर कसला तरी आवाज येऊ लागला.

दुपारी कोवळ्या फणसाच्या कुवल्यांची भाजी वाटीत घेऊन मी गेले. शेजारधर्म म्हणून गेले असं म्हणते, पण पाय कशाने चालत होते ते मला ठाऊक आहे.

"येवा काकी," लवू म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. "तुमी हयच होतात. तुमकाच कळतला."

माजघरात त्याच्या वडिलांचा मोठ्या बॅटरीवरचा रेडिओ उघडा पडला होता. त्याच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायची भोकं असतात, त्यांत एक तार घातलेली. ती तार जमिनीवरल्या एका पेटीत आणि पेटीतून दुसरी तार गिटारात. दोन पेट्या होत्या, दोन्ही विड्याच्या तबकाहून लहान. एक राखाडी, उतरत्या छपरासारखी तिरकी, जड, लिव्हरपूलच्या जुन्या बाजारात घेतलेली. दुसरी निळी, चकचकीत, जपानातल्या कोबे बंदरातली. दोघींवर दोन दोन बटणं, एक आवाज वाढवायचं, एक खरखर वाढवायचं, आणि मध्ये पायाच्या अंगठ्याने दाबायची कळ. गिटार नुसतं वाजवलं तर आवाज स्वच्छ, पातळ. कळ दाबली की तोच आवाज फाटायचा, जाड व्हायचा, घसा बसलेल्या माणसासारखा घोगरा होऊन लांबत जायचा.

"बरो आवाज मोडूचो कित्या रे?" मी विचारलं.

लवूने राखाडी पेटी उचलून मांडीवर घेतली. मग सांगितलं ते असं, की बोटीवर एक गोंयकार सोबती होता, त्याने ह्याला वाजवायला शिकवलं, आणि लिव्हरपूलच्या दुकानात ह्याने ही राखाडी पेटी दाबून बघितली तेव्हा तार छेडायच्या आधी, नीट ऐका, आधी, पेटीतून श्वास घेतल्याचा आवाज आला. विमलाला दमा होता. बोलायच्या आधी ती एक लहानसा श्वास ओढून घ्यायची, पायरी चढण्यापूर्वी घेतात तसा. तोच. मग कोबेला निळी पेटी दाबली तर तिच्यातूनही कोणी तरी ओ दिली.

"मगे दोनय ठेव."

"नाय काकी. विमला एक. ती एकाच पेटयेत असतली." तो हळू बोलत होता. "मगे दुसऱ्यात कोण ता माका नको. रजा सपाच्या आधी मी एक निवडतलंय, आणि दुसरी हयसून भायर."

मी हसले नाही. त्याचा चेहरा बघून हसू आलंच नाही.

राखाडी पेटीचं सगळंच नाजूक. भर दुपारच्या उष्म्यात ती मुकी व्हायची, म्हणून लवू तिला ओल्या माठाला टेकवून ठेवायचा आणि सकाळच्या गारव्यात वाजवायचा. तिला लागणारे बारीक सेल इथे मिळेनात, तर त्याने तारा बाहेर काढून चोरबत्तीचे सेल बांधले. नव्या सेलांवर ती नुसती गुरगुरायची. सेल मरायला आले की मात्र आवाज अडखळत, धाप लागल्यासारखा यायचा, आणि लवूला हवा होता तो तोच. मग काय, वाडीभर फिरून तो संपत आलेले सेल मागू लागला. रुक्मिणी म्हणाली, लोक नवे मागतात, हा मेलेले मागतो. आमच्या ह्यांचं कट्टा गावच्या बाजारात सायकलींचं दुकान, त्यांनी शनिवारी येताना पिशवीभर जुने सेल आणून दिले आणि "ह्या खुळ्यात तू पडा नको" असंही सांगितलं. निळीचं तसं काही नव्हतं. तिच्या चौकोनी बॅटऱ्या लवूने डझनभर आणलेल्या, आणि ती कधीही, कितीही उन्हात, एकसारखी गोड वाजायची.

ज्येष्ठ लागायच्या सुमाराची ती सकाळ. मी त्याच्या ओसरीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होते. आमच्या ह्यांच्या चोरबत्तीतले, अगदी शेवटच्या घटका मोजणारे दोन सेल त्याने जोडले आणि राखाडी पेटीवर अंगठा ठेवला. तार अजून छेडली नव्हती. पेटीने श्वास घेतला. मी मान वर केली. मग लवूने एकच सूर छेडला, तो तारेवर बोट सरकवत खालून वर नेला, आणि रेडिओतून, घोगऱ्या, दमलेल्या आवाजात, कुणी तरी स्पष्ट म्हणालं,

"लवू."

माझ्या हातातली आठळी अंगणात घरंगळत गेली.

पुन्हा सूर. पुन्हा, "लवू." शेवटचा ऊ लांब, दाराच्या दिशेने फेकल्यासारखा.

ती हाक ह्याच्या आधी ह्या जगात फक्त मी ऐकली होती. विमलाच्या शेवटच्या तापात नऊ दिवस मी तिच्या उशाशी होते, चमच्याचमच्याने पाणी पाजत होते. सातव्या दिवशी तापाच्या भरात ती उठून बसली आणि दाराकडे बघून अशीच हाक मारू लागली, लवू, लवू, भान सुटून, एखादी आई पोराला बोलावते तशी. संध्याकाळी ताप उतरला तेव्हा मी, माझी जीभ कसली राहतेय, तिची थट्टा केली. म्हटलं, "घोवाचा नाव मगाशी दहा येळा घेतलंस गो." तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य तेवढं घटतं म्हणतात, आणि हा तर पाण्यावरचा माणूस. तिने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "काकी, शपथ घे. तेंका कळाक नको. कोणाकच कळाक नको." मी शपथ घेतली. दोन दिवसांनी ती गेली. वाडीतल्या प्रत्येक घरातली गोष्ट मी दुसऱ्या घरी पोचवली असेन, पण ही एक कधी कुणाला सांगितली नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

लवूने सूर तिथेच दाबला. माझ्याकडे वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, पण आनंदाने नव्हे.

"ऐकल्यात मां? ही ती न्हय."

"कशावरसून?"

"माझा नाव घेता. विमलान माझा नाव कधी तोंडातसून काढल्यान नाय. लग्नात उखाणो घेताना रडाक लागली, मगे तिच्या मावशीन घेतल्यान तिच्या वाटचो. ती माका नावान हाक मारीत?" त्याने पेटीकडे, अंगणात साप निघाला तर बघतात तसं बघितलं. "कोण तरी तिचो आवाज घेवन माका फसयता."

माझं तोंड उघडलं. तीच आहे रे, तीच. दाराकडे बघून तुलाच हाक मारत होती, नऊ दिवसांतलं तिचं तेवढं एकच बोलणं खरं होतं. सगळं जिभेच्या टोकावर आलं, आणि तिथे तिच्या डोक्यावर ठेवलेला माझा हात मला आठवला, आणि त्याच्या खालचे ओले केस. आठ दिवसांनी हा परत पाण्यावर जाणार. मी म्हटलं,

"चाय घेतंस थोडी?"

मग त्याने निळी जोडली. "विमला?" असं विचारून हलकेच तार छेडली, आणि निळी पेटी नुसती "ओ" म्हणाली. गोड, लांब, नितळ. लवूने डोळे मिटून घेतले. मी चार वर्षांत त्याला असं निवांत झालेलं पाहिलं नव्हतं. आणि मला मात्र त्या ओ मध्ये श्वास सापडेना. सूर संपेपर्यंत मी वाट बघत राहिले, पण त्या आवाजाला कुठेच थांबून दम घ्यावा लागत नव्हता.

दोन दिवसांनी तो राखाडी पेटी घेऊन बांद्याच्या गाडीत बसला. तिथे गोव्याच्या सीमेपलीकडून येऊन लग्नांत वाजवणारा एक बँडवाला होता, त्याला त्याने ती देऊन टाकली. निघताना माझे सेल परत करायला तो गडग्यापाशी आला. तेव्हाही मी सांगू शकले असते. सेल अजून कोमट होते. मी ते पदरात घेतले आणि "सांबाळून जा" म्हटलं. अजूनही कधी बांद्याकडली वरात म्हटली की मी हातातलं काम टाकून कान देते. कुठल्या तरी मांडवात कुणी तरी ती कळ अंगठ्याने दाबत असेल, आणि नवरानवरीच्या गलक्यात ती लवूला हाका मारत असेल.

त्यानंतर लवूच्या घरातून दिवसभर निळीचा आवाज येऊ लागला. आधी तो विचारायचा आणि ती ओ द्यायची. मग मधली अंतरं वाढली. तो काही न विचारता वाजवायचा, थांबायचा, हसायचा, "तसा कशाक?" असं म्हणायचा. मी भाजी घेऊन गेले तर दार आतून लावलेलं. गडग्यातलं ते भोक त्याने एक दिवस चिरे घट्ट बसवून बुजवलं. माणूस सुखात असला की त्याला शेजारी आठवत नाहीत, असं मनाला समजावलं.

रजा संपली त्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मी आमच्या ह्यांच्यासाठी आंबोळ्या घेऊन कट्ट्याला गेले होते. लवू तिथे मुंबईची गाडी धरायला उभा. गिटार पाठीवर, आणि कातडी पिशवी पोटाशी धरलेली. मला बघून तो एक पाऊल मागे सरला.

"सुखी आसंस मां रे लवू?" मी विचारलं.

"आसंय काकी." तो माझ्याकडे बघत नव्हता. गाडी आली, लोक चढू लागले, तरी त्याचा पाय उचलेना. शेवटी तो, लाज वाटत असल्यासारखा, पुटपुटला, "एक इचारूचा होता. ती सांगता... ती सांगता, आजारात काकीन माका पाण्याचो थेंबय दिल्यान नाय. नऊ दिवस उशाक बसान बघत रवली. खरा?"

त्या नऊ दिवसांचं बोलायला गेले तर ती हाकही तोंडातून निघेल, म्हणून मी आंबोळ्यांवरचं फडकं सारखं करत राहिले. त्याने मान हलवली, माझं न बोलणं त्याला पुरेसं वाटलं असावं, आणि गाडीत चढला. खिडकीशी बसून त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्याकडे वाकून काही तरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर रुक्मिणी माझीच वाट बघत होती. पोहरा तसाच काठावर ठेवून म्हणाली, "आता तरी सांग गो. लोक म्हणतत ता खरा? पेटयेत बाई आसा?"

"आसा," मी म्हटलं.

"विमला?"

मी पोहरा खाली सोडला. पाण्याला लागेपर्यंत थांबले.

"नाय. कोण ता माका म्हायत नाय," मी म्हटलं. "पण ती माका वळाखता."