ठमीच्या जागेवरचं फूल

येसूबाईनं गवताचा ठोंब मुळासकट उपटला आणि मागं भिरकावला. चौक गावाच्या वरच्या माळावर कालपासून तिचं हेच चाललं होतं. मोकळ्या केलेल्या जागेत मधोमध एकच फूल. जांभळट, चिलमीसारखं वाकलेलं. देठाला पान नाही, हिरवेपणा औषधालाही नाही.

गुरांमागं आलेली शेजारची सोनाबाई थबकली. "पान नाय, पाला नाय. भुताचं दिसतंय गं," म्हणाली. येसूबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की बाई मुकाट गुरांमागं गेली.

भूत कसलं, ठमी होती ती. गेल्या साली गाठीचा ताप आला, अख्खं गाव रानात झोपड्या बांधून राहिलं, त्यात येसूबाईची पोर एका दिवसात गेली. नवऱ्यानं, धाकलूनं, तिला या माळावरच कुठंतरी पुरलं. मातीला बायका जात नाहीत, म्हणून येसूबाई गेली नाही. पुढं पावसानं खुणेचे दगड लोळवले. धाकलूला जागा विचारावी तर रोज निराळीकडं बोट. शेवटी तो खेकसला होता, "त्या दिशी डोळं होतं का मला?"

आणि आता हे फूल. रागावल्यावर ठमी मान खाली घालून उभी राही, तस्संच. येसूबाईला जागा सापडली.

जन्मभर भात बेणलेली बाई. जपायचं म्हणजे भोवतालचं तण काढायचं, एवढंच तिच्या हातांना ठाऊक. पण गवत निघेल तसं फूल कडेनं काळं पडायला लागलं. ती घाबरली, आणखी जोरानं उपटू लागली. शेवटचा ठोंब ओढला, तर त्याच्याबरोबर फूलच वर आलं. अंगावर पिणाऱ्या पोरासारखं गवताच्या मुळाला चिकटलेलं.

ती रडली नाही. ठोंब फुलासकट परत रोवला. मग फेकलेलं गवत गोळा करून, भात लावावं तसं, वाकून मूठमूठ चिखलात लावत सुटली.

धाकलू तणतणत आला. चूल थंड, गुरं उपाशी, लोक हसतात, सगळं बोलून झालं. तिनं मान वर केली नाही.

"हे गवत पाजत हुतं तिला," ती म्हणाली. "मीच तोडली."

धाकलूनं पाहिलं. फूल केव्हाच काळं ठिक्कर पडलं होतं. तो खाली बसला. विखुरलेलं गवत वेचलं, मुळं सारखी केली आणि जुडी तिच्या हातात दिली.

"मूठ बारीक धर गं," तो म्हणाला. "नायतर दाटंल."