सिमेंटच्या पत्र्यावरचं मांस

डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरला. "फुप्फुसं कडक झालीत. गिरणीतली ॲस्बेस्टॉसची धूळ आहे ही. वीस-पंचवीस वर्षं आत गुमान बसते, मग डोकं वर काढते. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यातही हीच असते. आता ती निघायची नाही."

"डुकराच्या चरबीने धुऊन जात नाही?" दुसिकने विचारलं.

डॉक्टरला हसू आलं. दुसिकच्या मस्तकात तिडीक गेली.

हे ज्ञान त्याला दिलं होतं मुकादमाने, छांगिलने. कोरियातल्या बुसानच्या त्या ॲस्बेस्टॉसचं सूत काढणाऱ्या गिरणीत दर शनिवारी सुट्टी झाली की छांगिल छपराच्या पत्र्याचा तुकडा चुलीवर टाकायचा आणि त्यावर डुकराचं मांस भाजायचा. पत्र्याच्या पन्हळीतून चरबी कशी छान निथळायची! "खा रे, घसा साफ होईल," म्हणायचा. अठरा वर्षं सगळे बोटं चाटत राहिले. मूर्ख लेकाचे! आणि दुसिक तर महामूर्ख, त्याने आपली पोरगीसुद्धा त्याच मुकादमाच्या घरात दिली.

दवाखान्यातून तो तडक व्याह्याकडे निघाला. चढावर दर दहा पावलांना थांबत होता. दम लागत होता तसा संतापही चढत होता.

छांगिलच्या अंगणात चूल पेटलेली होती. चुलीवर पत्रा, पत्र्यावर मांस चरचरत होतं. अगदी जवळ चार वर्षांची नात बोराम उकिडवी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. इन्सुक, दुसिकची लेक, मांस गुंडाळून खायची सॅलडची पानं धूत होती.

"या व्याहीबुवा! वास बरोबर लागतो तुम्हाला."

"मुकादम, तो पत्रा काढा. पोरीला आत न्या."

"का? पत्रा चावतो?"

"त्यात गिरणीतलीच धूळ आहे. माझी छाती गेली तिने. डॉक्टर म्हणाला."

छांगिलने बाटलीतून सोजू दारूचा घोट घेतला. "त्याच धुळीत मी तीस वर्षं काढली. बघा, आहे का काही? तुमची छातीच मुळात कोंबडीची. ॲस्बेस्टॉसची पोती फोडायला सांगितली की खोकत बसायचात."

"आम्ही पोती फोडायचो तेव्हा तुम्ही दाराबाहेर जाऊन उभे राहायचात," दुसिक सावकाश म्हणाला. "दर वेळी."

छांगिलचा हात क्षणभर थांबला. मग त्याने पानात मांसाचा तुकडा गुंडाळला आणि नातीच्या तोंडाशी धरला. "खा ग बाळे. तुझ्या आजोबांचं डोकं फिरलंय."

दुसिकने तो हात फटकारला. घास मातीत पडला.

"माझ्या अंगणात माझ्यावर हात टाकतोस?" छांगिलने त्याची कॉलर धरली.

"तुला ठाऊक होतं, हरामखोरा!"

दुसिकच्या ठोशाने छांगिलचं नाक फुटलं. दुसऱ्याने दात पडला. छांगिलने बाटली उचलून त्याच्या डोक्यात घातली. काचा उडाल्या, कानावरून रक्त वाहू लागलं. "अप्पा! मामंजी!" इन्सुक किंचाळली आणि पोरीला उचलून ओट्यावर पळाली. दोघे म्हातारे एकमेकांना लाथा घालत, चावत मातीत लोळले. शेवटी दुसिकने त्याचं डोकं विटेवर दोनदा आपटलं, तेव्हा छांगिल कण्हत पडून राहिला. इन्सुक पोरीला सोडून सासऱ्याकडे धावली.

दुसिकने चूल लाथेने उलथली. भिंतीशी घण होता. पत्रा उन्हातान्हाचा, जाळाने भाजून ठिसूळ झालेला. पहिल्याच घावात त्याचे चार तुकडे झाले. त्याने तुकड्यांवर घाव घातले, तुकड्यांच्या तुकड्यांवर घातले. छाती फाटत होती, तरी थांबला नाही. मरायच्या आधी एवढं तरी करून जायचं. या घरात याचा कपटाही ठेवायचा नाही. भुगा झाला तेव्हा त्याला फार बरं वाटलं. अंगणभर पांढरं धुकं साचलं होतं.

त्यातून बोराम धावत आली.

"आजोबा, रक्त!"

तिच्या पापण्यांवर, केसांवर, ओल्या ओठांवर पांढरी पूड होती. दुसिकच्या हातातून घण गळून पडला.

"श्वास घेऊ नकोस!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "बोराम, श्वास घेऊ नकोस!"

आजोबा असे कधी ओरडले नव्हते. पोर घाबरली, तोंड वेडंवाकडं झालं, आणि तिने भोकाड पसरलं. दर हुंदक्याला छाती भरून हवा आत ओढून ती रडत राहिली.